हातचं राखून बनवलेली यंत्रं

एदी ओरिओली हा इटालियन रायडर डाकार ही वाळवंटातून जाणारी लांब पल्ल्याची रॅली चार वेळा जिंकला. १९८८ साली होंडावर, १९९० आणि १९९४ साली काजिवावर आणि १९९६ साली यामाहावर. म्हणजे दोन विजय जपानी गाड्यांवर आणि दोन इटालियन गाड्यांवर. ‘इटालियन गाडी मनासाठी घ्यावी आणि जपानी गाडी घरी परत येण्यासाठी’ हे वाक्य रायडरांच्या गप्पांत निघालं, की मला हमखास ओरिओली आठवतो. दोन्ही देशांच्या गाड्यांनी त्याला वाळवंट पार करून दिलं होतं. तरीही ते वाक्य इतकी वर्षं टिकून आहे, त्याअर्थी त्यात काहीतरी तथ्य असणार. ते नेमकं किती आणि कुठे आहे, हा प्रश्न मला गाडी चालवायला लागल्यापासून सोडत नाही.

रॅलीतल्या विजयावरून रस्त्यावरच्या गाडीचा भरवसा ठरत नाही, हे उघड आहे. कारखान्याच्या गाडीमागे मेकॅनिकांचा ताफा असतो. रात्री मुक्कामी गाडी उघडली जाते, झिजलेलं सगळं बदललं जातं आणि सकाळी जवळजवळ नवीच गाडी सुटते. होंडाच्या एनएक्सआर ७५० ने १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षं डाकार जिंकली आणि तिच्या पुण्याईवर १९८८ मध्ये आफ्रिका ट्विन बाजारात आली. पण आफ्रिका ट्विनचं खरं नाव झालं ते त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत. चौथ्या-पाचव्या मालकाच्या हातात गेलेल्या, शेवटचं ऑइल कधी बदललं याची कुठेच नोंद नसलेल्या गाड्यांनी ते कमावलं. अॅडव्हेंचर गाडीचा, म्हणजे सामान लादून पक्क्या-कच्च्या रस्त्यांवर लांब जाणाऱ्या गाडीचा, भरवसा मोजायचा तर तो अशा ठिकाणी मोजावा, असं मला वाटतं. गाडी नवी असताना, शोरूम जवळ असताना आणि खिशात वॉरंटीचा कागद असताना कुठलीही गाडी भरवशाचीच असते.

आकडे हवे असणाऱ्यांसाठी एक पाहणी आहे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०१५ साली आपल्या वाचकांकडून माहिती घेऊन चार वर्षं जुन्या मोटरसायकलींतल्या किती बिघडतात याचा अंदाज काढला होता. यामाहा ११ टक्के, सुझुकी आणि होंडा १२, कावासाकी १५ आणि इटलीची डुकाटी ३३. तिप्पट फरक. इथे वाद संपला असं अनेकांना वाटतं. पण त्याच यादीत जर्मनीची बीएमडब्ल्यू ४० टक्क्यांवर आहे, आणि जग फिरायला निघालेले कितीतरी लोक बीएमडब्ल्यूच्या जीएस या अॅडव्हेंचर गाड्यांवरच दिसतात. याचा अर्थ लोकांना हिशेब कळत नाही असा मी घेत नाही. बिघाड होण्याची शक्यता आणि बिघाडामुळे प्रवास मोडण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लांबचा प्रवास करणाऱ्याला अनुभवाने कळलेलं असतं. शिवाय त्या पाहणीत सगळ्या प्रकारच्या गाड्या एकत्र मोजल्या होत्या. कच्च्या रस्त्यावर, सामान लादून, धूळ खात जाणाऱ्या गाडीबद्दल ती वेगळं काही सांगत नाही.

मग फरक कशात आहे? माझं मत असं, की बनवणाऱ्याने यंत्रात हातचं किती राखलं आहे, त्यावर सगळं ठरतं. इंजिन जेवढं देऊ शकतं त्यापैकी किती मागितलं आहे, वायर जेवढा करंट वाहू शकते त्यापैकी किती तिच्यातून जातो, आणि तो पार्ट कंपनीच्या गोदामात किती वर्षं मिळणार आहे, हे सगळं मी त्यात धरतो. जपानी कंपन्यांना हे राखणं सवयीने जमत आलं. इटालियन कंपन्यांनी ते उशिरा मनावर घेतलं, पण त्यांतल्या काहींनी फार चांगलं घेतलं.

इंजिनापासून सुरुवात करतो, कारण तिथे आकडे बोलतात. सुझुकीची टीएल १००० एस ही १९९७ ची स्पोर्ट्स बाइक, सुमारे १२५ हॉर्सपॉवरची. तेच व्ही-ट्विन, म्हणजे ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर असलेलं, इंजिन २००२ साली व्ही-स्ट्रॉम १००० या अॅडव्हेंचर गाडीत बसवताना सुझुकीने ते जवळपास ९८ वर आणलं. वरच्या आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) ताकद सोडून दिली आणि खालच्या-मधल्या आरपीएमला सुधारणा केली. धावायला बनवलेल्या इंजिनाला त्यांनी चालायला लावलं. २००४ च्या व्ही-स्ट्रॉम ६५० चं इंजिनही असंच एसव्ही ६५० या रस्त्यावरच्या चपळ गाडीतून आलं, आणि आज त्या गाड्या प्रचंड किलोमीटर मोजून अजून चालताना दिसतात.

आता अलीकडच्या गाड्या एका लिटरला किती हॉर्सपॉवर काढतात ते पाहू. आफ्रिका ट्विनचं १०८४ सीसीचं इंजिन साधारण १०२ हॉर्सपॉवर देतं, म्हणजे लिटरमागे ९४. यामाहाची टेनेरे ७०० तिच्या ६८९ सीसीतून ७३ काढते, म्हणजे १०६. इटलीकडे डुकाटीची डेझर्टएक्स ९३७ सीसीतून ११०, म्हणजे ११७. अॅप्रिलियाची तुआरेग ६६० ही १२१. मल्टिस्ट्राडा व्ही४ तिच्या ११५८ सीसीतून १७०, म्हणजे जवळपास १४७. इथवर सगळं त्या जुन्या वाक्याला धरून आहे. पण मोटो गुझीची व्ही८५ टीटी ८५३ सीसीतून ८० हॉर्सपॉवर देते. लिटरमागे ९४, म्हणजे थेट आफ्रिका ट्विनच्या शेजारी. देशांच्या झेंड्याने काढलेली रेघ इथे पुसली जाते.

हा आकडा म्हणजे आयुष्याची पत्रिका नाही, हे मला मान्य आहे. याच्या दीडपट-दुप्पट ताकद काढणारी जपानी स्पोर्ट्स इंजिनंही वर्षानुवर्षं टिकतात. पण त्या गाड्यांना चढावर, कडक उन्हात, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना पेट्या घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन् तास घुमवत नाहीत. अॅडव्हेंचर गाडीला नेमकं तेच करावं लागतं, आणि तेव्हा बनवणाऱ्याने न मागितलेली ताकद उपयोगी पडते.

इटालियन कंपन्यांनाही हे कळत गेलं. डुकाटीने २०१० ची मल्टिस्ट्राडा १२०० बनवताना आपल्या सुपरबाइकचं इंजिन घेतलं आणि त्याचा व्हॉल्व्ह ओव्हरलॅप (हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप एकाच वेळी उघड्या राहण्याचं माप) ४१ अंशांवरून ११ अंशांवर आणला. त्या इंजिनाच्या नावातले ११ अंश ते हेच. अॅप्रिलियाने आरएस ६६० चं १०० हॉर्सपॉवरचं इंजिन तुआरेगमध्ये ८० वर उतरवलं. सुझुकीने जे वीसेक वर्षांपूर्वी केलं तेच हे. कमी सांगितलेला आकडा जाहिरातीत चांगला दिसत नाही, विशेषतः रेसिंगच्या नावावर जगणाऱ्या कंपनीच्या. म्हणून मला तुआरेगच्या ८० या आकड्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

डुकाटीची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. सामान्य इंजिनात कॅम हा फिरणारा उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. डुकाटीच्या डेस्मो पद्धतीत बंद करण्याचं कामही रॉकर नावाची छोटी दांडीच करते, स्प्रिंगच्या भरवशावर काही सोडलेलं नसतं. फाबिओ ताल्योनी या इंजिनिअरने १९५६ साली रेसच्या १२५ सीसी गाडीत ती आणली. त्या काळच्या स्प्रिंगा जास्त आरपीएमला दम तोडायच्या, म्हणून ही युक्ती. स्प्रिंगा पुढे सुधारल्या, पण डेस्मो हीच डुकाटीची ओळख होऊन बसली. तिची किंमत मालकाच्या वेळात मोजावी लागते. प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याचं एक अंतर आणि बंद होण्याचं दुसरं. आठ व्हॉल्व्हच्या ट्विन इंजिनात एरवी आठ मापं घ्यावी लागतात, इथे सोळा. त्यात कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट. तो गाडी पळवा किंवा उभी ठेवा, काही वर्षांनी बदलावाच लागतो. नीट जपलेली डेस्मो गाडी दगा देत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. पण जपायला लागणारं कसब आणि हत्यारं दर गावात नसतात, आणि अॅडव्हेंचर गाडी नेमकी अशाच गावांतून जाते.

म्हणून २०२० च्या शेवटी जाहीर झालेली मल्टिस्ट्राडा व्ही४ मला मोठी घटना वाटते. डुकाटीने त्या इंजिनात डेस्मो बाजूला ठेवून साध्या स्प्रिंगा बसवल्या, आणि व्हॉल्व्ह तपासणी थेट ६० हजार किलोमीटरवर नेली. सहा दशकांची ओळख एका प्रवासी गाडीसाठी सोडणं हे धैर्याचं काम आहे. टेनेरे ७०० ची तपासणी ४० हजारांवर येते, आफ्रिका ट्विनची २४ हजारांवर. म्हणजे या एका बाबतीत सगळ्यात जास्त मुभा आज एक इटालियन गाडी देते. पण नव्या यंत्राचा पहिला हप्ता नेहमी जपून घ्यावा, हेही त्याच गाडीने दाखवलं. २०२१ मध्ये सुरुवातीच्या काही गाड्यांत व्हॉल्व्ह गाइडचा दोष निघाला आणि कंपनीला त्यांची इंजिनंच बदलून द्यावी लागली. कंपनीने ती दिली, हे नोंदवलं पाहिजे.

खरं सांगायचं तर इंजिन हा इटालियन गाड्यांचा दुबळा भाग क्वचितच होता. काजिवा एलिफंटमधलं डुकाटीचं जुनं, हवेवर थंड होणारं, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असलेलं इंजिन दणकट होतं. ९०० सीसीतून त्याने सत्तरच्या आतच हॉर्सपॉवर काढली, म्हणजे वरच्या मापाने आफ्रिका ट्विनपेक्षाही जास्त हातचं राखून. त्रास व्हायचा तो इंजिनाभोवतीच्या गोष्टींचा. वायरिंग, कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा), रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा), स्विच, गेजा. अॅप्रिलियाच्या २००१ च्या कापोनॉर्डमध्ये ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सचं उत्कृष्ट व्ही-ट्विन होतं, पण चार्जिंगचा करंट वाहून नेणारे तपकिरी कपलर गरम होऊन वितळायचे. मालकांमध्ये ते तपकिरी कपलर इंजिनापेक्षा प्रसिद्ध झाले. दुरुस्ती अगदी साधी आहे. कपलर कापून टाकायचा, जाड वायर थेट जोडायची, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवायची. मग गाडी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. पण ज्याला हे ठाऊक नाही तो घाटात उभ्या राहिलेल्या गाडीकडे बघून इटालियन इंजिनाला नावं ठेवतो. बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात कुणीतरी काटकसर केली आणि त्या बदनामीचं ओझं सगळ्या गाडीने वाहिलं.

जपानी गाड्या निर्दोष आहेत, असं मात्र मी म्हणणार नाही. हे त्यांच्या प्रेमात असलेल्यांना आवडत नाही, पण प्रत्येक नावाजलेल्या जपानी अॅडव्हेंचर गाडीचा एक ठरलेला दोष आहे. कावासाकीची केएलआर ६५० ही १९८७ पासूनची गाडी. तिच्या बॅलन्सरची, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या भागाची, चेन ताणून धरणारा एक छोटा लिव्हर असतो. तो तुटतो किंवा त्याची स्प्रिंग सैल पडते आणि तुकडे इंजिनात जातात. रायडरांनी त्याला ‘डूहिकी’ असं नाव पाडलं. सुझुकी डीआर ६५० मध्ये न्यूट्रल दाखवणाऱ्या सेन्सरचे दोन स्क्रू सैल होऊन आत पडू शकतात. आफ्रिका ट्विन ७५० चा फ्युएल पंप अचानक थांबतो. २०१६ मध्ये परत आलेल्या आफ्रिका ट्विनच्या पहिल्या वर्षांतल्या गाड्यांच्या स्पोकना गंज चढायचा.

मग यांना भरवशाचं का म्हणतात? मला याचं उत्तर कारखान्याच्या शिस्तीत सापडतं. १९५० साली डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने जपानमध्ये व्याख्यानं दिली. कारखान्यातून निघणारी प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूसारखीच कशी निघेल, हा त्यांचा गाभा. जपानी उद्योगांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. या शिस्तीचा एक परिणाम असा, की जपानी गाडीत दोष असला तर तोही सगळ्या गाड्यांत एकाच जागी असतो. केएलआर घेतली की डूहिकी बदलायची, डीआर घेतली की ते दोन स्क्रू काढून लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून परत बसवायचे, आफ्रिका ट्विन ७५० घेतली की जादा पंप सामानात टाकायचा. एकदा एवढं केलं की गाडीची भीती संपते. जुन्या इटालियन गाड्यांशी माझा जेवढा संबंध आला, त्यात एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या दोन स्वभावांच्या निघाल्या. एकीचा स्पीडोमीटर गेला, तर दुसरीचा कधीच गेला नाही, पण तिचा स्टार्टर रिले सतावत राहिला. माहीत असलेल्या दोषाची तयारी करता येते.

याला आणखी एक गोष्ट मदत करते. डीआर ६५० ही १९९६ पासून जवळजवळ तशीच आहे. एवढी वर्षं एकच गाडी बनत राहिली की तिचे पार्ट, तिचे मेकॅनिक, तिची हस्तलिखितासारखी फिरणारी दुरुस्तीची माहिती सगळीकडे पोचते. विक्रीच्या आकड्यांतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. होंडा जगभरात वर्षाला दोन कोटींच्या आसपास दुचाकी विकते, डुकाटी पन्नास-साठ हजारांच्या आसपास. होंडाने बनवलेला एखादा रिले किंवा बेअरिंग आधीच लाखो गाड्यांत तावूनसुलाखून निघालेलं असतं आणि मगच आफ्रिका ट्विनमध्ये येतं.

आणि गाडीच्या चर्चेत जवळजवळ कधीच न येणारी गोष्ट म्हणजे कंपनीची मालकी. डुकाटी १९८५ मध्ये काजिवाकडे गेली, १९९६ मध्ये एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीकडे, मग इटालियन गुंतवणूकदारांकडे आणि २०१२ मध्ये आउडीकडे. मोटो गुझी २००० साली अॅप्रिलियाने घेतली आणि २००४ मध्ये दोघीही पियाजोकडे आल्या. बेनेली २००५ पासून चिनी कंपनीची आहे. मालक बदलला की गोदाम बदलतं, पुरवठादार बदलतात, पार्टचे नंबर बदलतात. ज्या कंपनीच्या डोक्यावर कर्ज आहे ती दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलचा इग्निशन बॉक्स बनवून ठेवेल, अशी अपेक्षा करता येत नाही. एलिफंटचं इंजिन आजही उभं करता येतं, पण तिचे फेअरिंगचे तुकडे आणि गेजा शोधताना लोकांची दमछाक होते. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी ही चार घरं या सगळ्या काळात एकदाही विकली गेली नाहीत. जपानी गाडीच्या भरवशातला मोठा वाटा मी या स्थैर्याला देतो.

गुझीबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, तो लपवत नाही. कोमो सरोवराकाठच्या मांदेल्लो देल लारिओत १९२१ पासून या गाड्या बनतात. त्यांच्या हातूनही घोळ झाला. २००८ ला आलेल्या स्टेल्व्हिओ १२०० च्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात सपाट टॅपेट (कॅमवर घासत व्हॉल्व्हला ढकलणारे भाग) होते. त्यांच्यावरचा कठीण थर झिजायला लागला आणि त्यासोबत कॅमशाफ्टही खराब व्हायला लागला. २०१२ च्या सुमारास रोलर टॅपेट आले आणि जुन्या गाड्यांसाठी बदलायचा संच मिळू लागला. स्टेल्व्हिओ जुनी घेणाऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारावा.

पण २०१९ ला आलेली व्ही८५ टीटी वेगळ्या विचाराने बनली आहे. माझ्या मित्राकडे ती आहे आणि तिचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची मापं, आम्ही दोघांनी मिळून सेट केले, एका मुक्कामावर, सकाळी इंजिन गार असताना. तिचे दोन सिलिंडर टाकीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे टाकी काढायची नाही, रेडिएटर हलवायचा नाही, कारण रेडिएटर मुळात नाहीच. कव्हरचे बोल्ट काढले. स्पार्क प्लग काढला. वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवत पिस्टन वर आणला. रॉकरच्या टोकाला साधा स्क्रू आणि लॉकनट. फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहिलं, एका बाजूला ती जरा घट्ट जात होती, नट सैल केला, स्क्रू केसभर फिरवला, नट आवळला आणि परत तपासलं, कारण नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतोच. गेज ओढताना बोटांना एक हलकी पकड जाणवायला हवी, ती जाणवली की थांबायचं. माझ्या मित्राने त्याआधी कधी इंजिन उघडलेलं नव्हतं. दुसरा सिलिंडर त्याने एकट्याने केला. गाडी चालू केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते कुठल्याही वॉरंटीतून मिळत नाही. त्या गाडीची टॅपेटची मुदत जपानी गाड्यांपेक्षा पुष्कळ आधी येते, तपासणीच्या तक्त्यात ती हरते. पण टेनेरेच्या चाळीस हजारांनंतरच्या तपासणीत टाकी उतरवून, माप चुकलं असेल तर कॅमशाफ्ट काढून शिम (माप जुळवणाऱ्या छोट्या चकत्या) बदलावे लागतात. ते काम चांगल्या मेकॅनिकचं. वारंवार लागणारं सोपं काम बरं की क्वचित लागणारं अवघड, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा कौल सोप्या कामाला आहे, कारण ते करता करता गाडीची ओळख होते आणि दुसरं काही बिघडू लागलं असेल तर ते वेळेत दिसतं.

अलीकडे मात्र दोन्ही देशांच्या गाड्या एकमेकींसारख्या होत चालल्या आहेत. डेझर्टएक्स आणि तुआरेगचं सस्पेन्शन जपानी कायाबाचं आहे. टेनेरे ७०० चे ब्रेक इटालियन ब्रेम्बोचे. एबीएसपासून झुकाव मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत बऱ्याच गोष्टी जर्मनीच्या बॉशकडून येतात. त्यामुळे आज वाटेत गाडी बंद पडली तर कारण बहुतेक वेळा कुठलंही राष्ट्रीयत्व नसलेलं असतं. माझी एक जपानी गाडी चिखलातून बाहेर आल्यावर पहिल्या गिअरला बंद पडू लागली. साइड स्टँडचा स्विच चिखलाने भरला होता, आणि गाडीची समजूत अशी की स्टँड खाली आहे. पाण्याने धुऊन, स्टँड दहा-वीस वेळा वरखाली करून ती सुरू झाली. दुरुस्ती क्षुल्लक होती, पण इंजिन, पेट्रोल, बॅटरी सगळं ठणठणीत असताना एका सेन्सरच्या शब्दावर गाडी अडून बसते, ही गोष्ट मला अजून टोचते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हातचं राखणं म्हणजे सेन्सर गेला तरी गाडी रांगत का होईना, चालत राहील अशी सोय ठेवणं. जिथे ती सोय चांगली आहे, त्या गाडीला मी झुकतं माप देतो. टेनेरे ७०० ला जगभर एवढं प्रेम मिळालं त्याचं एक कारण हेच की २०१९ मध्ये तिच्यात एबीएस सोडल्यास फारसं काही नव्हतं, मुठीने फिरवायचा थ्रॉटलसुद्धा केबलचा. २०२५ च्या मॉडेलमध्ये तोही इलेक्ट्रॉनिक झाला. मला त्याचं वाईट वाटलं.

तेव्हा आज कुणी विचारलं तर मी काय सांगेन? एकट्याने, अनोळखी प्रदेशात, लांब जायचं असेल तर केबल थ्रॉटलची टेनेरे किंवा जुनी व्ही-स्ट्रॉम ६५०. बरोबर कुणी असेल, घाई नसेल आणि हाताने काम करायला आवडत असेल तर व्ही८५ टीटी, बिनदिक्कत. तुआरेग मला इटालियन गाड्यांच्या पुढच्या पिढीतली सगळ्यात समजूतदार वाटते. ९३७ सीसीची डेझर्टएक्स ज्याच्या मनात भरली आहे त्याने जरूर घ्यावी, फक्त बेल्ट आणि डेस्मो सर्व्हिसचे कागद आधी बघावेत आणि ती सर्व्हिस करू शकणारा माणूस कुठे आहे ते माहीत करून घ्यावं.

जुनी गाडी घेत असाल, मग ती कुठल्याही देशाची असो, तर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी सीट उघडा. रेग्युलेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरचा प्रत्येक कपलर काढून आत पाहा, प्लॅस्टिक तपकिरी पडलं आहे का, पिना हिरव्या झाल्या आहेत का. मल्टिमीटर लावून चालू इंजिनावर चार्जिंग तपासा. मग त्या मॉडेलचा ठरलेला दोष कोणता ते शोधा आणि आधीच्या मालकाने त्यावर काय केलं ते विचारा. तो प्रश्न ऐकून त्याला लगेच उत्तर देता आलं, तर ती गाडी जपलेली आहे. आणि पैसे देण्याआधी फ्युएल पंप, रेग्युलेटर आणि क्लच केबल या तीन पार्टची मागणी कुठे तरी नोंदवून पाहा. आठवड्याभरात मिळतील असं उत्तर आलं, तर गाडी चालवून बघायला हरकत नाही.